मूठ कोणाच्या हातासाठी? जपानी सुरीच्या मुठीचा इतिहास

आज बोलायला सुरुवात करण्याआधी समोरच्या टेबलाकडे बघा. तिथे स्वयंपाकाच्या चार जपानी सुऱ्या ठेवल्या आहेत. पुढच्या रांगेतल्यांना त्या नीट दिसतील; जे हे व्याख्यान नंतर वाचणार आहेत त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या तिघींच्या मुठी फिकट, पांढुरक्या लाकडाच्या आहेत. एक लंबगोल, एकीच्या उजव्या कुशीला लांब धार असल्यासारखी उंचवटी, आणि एक अष्टकोनी. चौथीची मूठ काळी, दोन फळ्यांची, मधून तीन रिव्हेट मारलेली. ही चौथी आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडच्या हॉटेलांत अशीच सुरी असते.

जपानी सुऱ्यांबद्दल बोलताना लोक पोलादाबद्दल बोलतात, धारेबद्दल बोलतात. मुठीबद्दल कोणी बोलत नाही. पण आमचं म्हणणं असं आहे की पात्याचा आकार काय कापायचं ते सांगतो, आणि मुठीचा आकार कोण कापणार आणि किती वर्षं कापणार ते सांगतो. म्हणून आज आपण मुठीचा इतिहास बघू.

सुरीला जपानीत 'होचो' म्हणतात. हा शब्द मुळात चिनी आहे. 'च्वांग्झी' या प्राचीन ग्रंथात एका आचाऱ्याची गोष्ट येते, ज्याची सुरी १९ वर्षं बैल कापूनही बोथट झाली नव्हती. त्या आचाऱ्याचं नाव पुढे जपानमध्ये त्याच्या हत्याराचं नाव झालं. गंमत बघा, त्या गोष्टीत पात्याची एवढी स्तुती आहे, पण मुठीबद्दल एक अक्षर नाही!

जपानमधल्या सर्वांत जुन्या सुऱ्या नारा शहरातल्या शोसोइन या भांडारात जपून ठेवलेल्या आहेत. त्या आठव्या शतकातल्या. आजच्या सुरीशी त्यांचं साम्य फारसं नाही. पातं अरुंद, मूठ लांब, एकूण रूप लहानशा तलवारीचं. पुढे दरबारात मासा कापण्याचा एक विधीच तयार झाला. त्यात आचारी एका हातात लांब सुरी आणि दुसऱ्या हातात धातूच्या काड्या घेतो, आणि माशाला हात न लावता तो कापतो. हा विधी आजही केला जातो. तिथे सुरी हे दाखवण्याचं हत्यार आहे. आपल्याला मात्र रोज राबणाऱ्या सुरीकडे जायचं आहे, आणि त्यासाठी साकाईला जावं लागतं.

साकाई हे ओसाकाच्या शेजारचं बंदर. १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. त्यांचं आशियातलं मुख्य ठाणं तेव्हा आपलं गोवा होतं. झेवियरसुद्धा १५४२ मध्ये गोव्यात आला आणि १५४९ मध्ये जपानमध्ये कागोशिमाला पोचला. या दर्यावर्दी व्यापारातून जपानमध्ये तंबाखू आली. तंबाखूची पानं केसासारखी बारीक चिरायला उत्तम पातं लागतं, ते साकाईच्या लोहारांनी केलं. तोकुगावा राजवटीने या पात्यांवर 'साकाई किवामे' असा शिक्का मारायला परवानगी दिली, आणि गावाचं नाव देशभर झालं. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथेच मासे कापायची जाड 'देबा' सुरी रूढ झाली असं मानतात.

साकाईची खरी खासियत म्हणजे कामाची वाटणी. एकाने घडवायचं, दुसऱ्याने धार लावायची, तिसऱ्याने मूठ करायची आणि व्यापाऱ्याने ती पात्याला बसवून विकायची. ही पद्धत आजही चालू आहे. पात्यावर छिन्नीने नाव कोरलेलं असतं. मुठीवर कोणाचंच नाव नसतं.

आता ही मूठ होते कशी ते बघू. लाकूड असतं होनोकी नावाच्या झाडाचं. हा मॅग्नोलिया आहे. आपला सोनचाफाही याच मॅग्नोलिया प्रजातीतला, म्हणजे नातं जवळचंच! याच झाडाच्या मोठ्या पानावर मिसो भाजून खायची रीत ताकायामाच्या डोंगराळ भागात आहे. तलवारीची म्यानंही याच लाकडाची करत. का? तर ते मऊ आहे, हलकं आहे, पात्याला ओरखडा पाडत नाही. पाण्याच्या साधारण निम्म्या घनतेचं हे लाकूड ओल्या हातात घसरत नाही आणि ओलावा सोसतं.

हे लाकूड आधी वर्षानुवर्षं वाळवतात. मग ठोकळे पाडायचे, मधोमध भोक पाडायचं आणि तोंडाशी म्हशीच्या शिंगाचं कडं बसवायचं. हे कडं शोभेचं नाही. लाकूड सर्वांत आधी तोंडाशीच चिरतं, कारण पाणीही तिथूनच शिरतं आणि जोरही तिथेच येतो. त्यानंतर शिंग आणि लाकूड एकत्र घासून एकच आकार करायचा. मूठ कड्याकडे किंचित निमुळती आणि मागे किंचित रुंद असते, म्हणजे ओढून कापताना हात मागे सटकत नाही.

आणि जोड? पात्याच्या मागे एक निमुळतं शेपूट असतं, त्याला 'नाकागो' म्हणतात. ते लाल होईपर्यंत तापवायचं आणि मुठीच्या भोकात घालायचं. लाकूड आतून जळतं आणि नाकागोच्या नेमक्या मापाची खाच आपोआप तयार होते. मग सुरी हवेत उभी धरायची, पातं खाली, आणि मुठीच्या मागच्या टोकावर लाकडी हातोडीने ठोकायचं. पातं स्वतःच्या जडपणामुळे जागेवर राहतं आणि मूठ त्याच्यावर चढत जाते. खिळा नाही, रिव्हेट नाही. आपल्याकडे विळ्याचं किंवा खुरप्याचं शेपूट तापवून मुठीत बसवताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे लगेच कळेल.

आता महत्त्वाचा मुद्दा. ही मूठ काढता येते. काही वर्षांत ती काळवंडते, फुगते, नाकागोला गंज चढतो. मग लाकडाचा तुकडा कड्याला टेकवून मागच्या बाजूला ठोकायचं, मूठ निघते. नवी बसवायची. चांगलं पातं घासून घासून अरुंद होत जातं, पण पिढीभर टिकतं. तेवढ्या काळात त्याच्या तीन-चार मुठी बदलून होतात. म्हणजे मूठ साधी ठेवली ती गरिबीमुळे नव्हे. तिने झिजावं आणि पात्याने उरावं, हा त्यामागचा हिशेब आहे.

मग आकार तीन का? लंबगोल मुठीला जपानीत 'कोबान'चा आकार म्हणतात. कोबान हे १६०१ पासून पाडलेलं लंबगोल सोन्याचं नाणं. हा आकार करायला सर्वांत सोपा, म्हणून स्वस्त, आणि कुठल्याही हाताला चालतो. पण हात माशाच्या चरबीने बुळबुळीत झाला की ती मुठीत फिरते, आणि धार नेमकी कुठल्या कोनात आहे हे बघितल्याशिवाय कळत नाही.

दुसरी, कुशीला उंचवटी असलेली. तिला 'कुरी' म्हणजे चेस्टनटचा आकार म्हणतात. ती उंचवटी उजव्या हाताची बोटं जिथे वळतात त्या खाचेत बरोबर बसते. न बघता कळतं, धार सरळ आहे की नाही. 'यानागिबा'ने साशिमीचा काप एकाच ओढीत काढायचा असतो, किंवा 'उसुबा'ने मुळ्याची कागदासारखी पातळ, लांबच लांब सलग पट्टी सोलायची असते. तिथे हे कळणं म्हणजे सगळं काही!

तिसरी अष्टकोनी. आठ सपाट पृष्ठभाग, त्यामुळे कोन कळतो आणि हातही कुठलाही चालतो. पण निमुळत्या लाकडावर आणि शिंगावर आठही बाजू शेवटपर्यंत सारख्या ठेवायच्या, हे जिकिरीचं काम. म्हणून ती महाग, आणि बराच काळ ती चांगल्या सुरीची खूण मानली गेली.

इथे आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं. ती उंचवटी उजव्या हाताची, असं आपण सहज म्हणून गेलो. पण डावऱ्याचं काय? जपानमध्ये विसाव्या शतकातही डावऱ्या मुलांना लिहायला आणि जेवायच्या काड्या धरायला उजवा हात वापरायला लावत. आपल्याकडे काही वेगळं होतं असं नाही, इथे बसलेल्यांपैकी काहींना आठवत असेल. त्यात पारंपरिक जपानी पात्याला धार एकाच बाजूने असते, तीही उजव्या हाताच्या हिशेबाने. डावऱ्यासाठी पातं वेगळं घडवावं लागतं, ते मागणीनुसार होतं आणि महाग पडतं. नव्या उमेदवाराला ते कुठून परवडणार? म्हणजे वास्तविक मूठ बदलणं सोपं होतं, पण व्यवहारात हात बदलायला लावला. हत्याराचा आकार निर्विकार नसतो मंडळी. 'माणूस' म्हटल्यावर बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण उभं राहतं, ते त्यात दिसतं.

आता चौथ्या सुरीकडे. जपानमध्ये इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर वर्षाच्या काही महिन्यांसाठी बंदी घातली होती. पुढच्या शतकांत बौद्ध प्रभावाने मांसाहाराबद्दलचा संकोच वाढत गेला. मग मेइजी काळ आला. १८७२ च्या जानेवारीत सम्राटाने स्वतः गोमांस खाल्ल्याची बातमी जाहीर झाली, आणि मांस खाणं हे आधुनिकपणाचं लक्षण ठरलं. त्याच्या मागोमाग युरोपी धर्तीची सुरी आली. तिचं जपानी नाव 'ग्युतो', शब्दशः गायीची तलवार. तिला मूठही युरोपी: पातं मुठीच्या टोकापर्यंत आरपार, दोन बाजूंना फळ्या, मध्ये रिव्हेट. मूठ दोन्ही हातांना सारखी, पण जड आणि कायमची. जपानीत हिला 'यो' म्हणजे पाश्चात्त्य मूठ म्हणू लागले, आणि तेव्हा कुठे जुन्या मुठीलाही नाव मिळालं, 'वा' म्हणजे जपानी. त्याआधी ती नुसती मूठ होती!

याच सुमारास, १८७६ मध्ये, तलवार बाळगण्यावर बंदी आली. गिफू प्रांतातलं सेकी हे तलवारींचं गाव घरगुती पात्यांकडे वळलं, आणि पुढे कारखान्यात होणाऱ्या, रिव्हेटच्या मुठीच्या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध झालं. साकाईत जुनी मूठ टिकली, सेकीत नवी रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर घराघरांत 'सान्तोकु' ही सर्वकामाची सुरी गेली, तीही बहुतेक रिव्हेटच्याच मुठीची.

आणि आज? आज उलटं चाललंय. २०१३ मध्ये युनेस्कोने जपानी आहारपरंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. जगभरातले शेफ साकाईच्या सुऱ्या मागतात, आणि गोमांसाच्या त्या ग्युतोला आता 'वा' मूठ हवी असते, तीसुद्धा अष्टकोनी. पण लाकूड होनोकीचं नको, आबनूस हवं. आबनूस देखणं आहे, पण इतकं घन की पाण्यात टाकलं तर बुडतं. मूठ जड झाली की सुरीचा तोल पात्याकडून हाताकडे सरकतो, आणि पात्याच्या वजनावर काम सोपवण्याची जी जुनी युक्ती होती ती जाते. शिवाय अशा मुठी बऱ्याचदा चिकटवून बसवतात. म्हणजे जपानी दिसणारी मूठ वागायला युरोपी झाली, कायमची!

यात वाईट काय, असं कोणी विचारेल. वाईट असं नाही. अष्टकोनी मूठ डावऱ्याच्याही हाताला बसते, हा फायदाच आहे. पण जी मूठ बदलायचीच नाही, तिला बदलून देणारा माणूसही लागत नाही. साकाईतल्या तीन कामांपैकी सर्वांत बिननावाचं हे काम, आणि ते करणारे आता थोडे उरलेत. हत्याराचा झिजणारा भाग आपण कायमचा केला, की तो दुरुस्त करण्याचं ज्ञान हळूहळू जातं. आपल्याकडच्या किती वस्तूंचं असं झालंय, ते तुम्हीच आठवून बघा.

तेव्हा कोणी आम्हाला विचारलं की कुठली मूठ घ्यावी, तर आम्ही प्रथम हात बघतो. उजवा हात आणि मासळीचं बारीक काम असेल, तर कुशीला उंचवटी असलेली. डावरा असाल, किंवा एका सुरीवर घरातले दोघं-तिघं काम करणार असाल, तर अष्टकोनी. खर्च कमी ठेवायचा असेल तर लंबगोल, आणि तिला कमी लेखू नका. मांस, भाजी सगळं एकाच सुरीने आणि भरपूर धुणंपुसणं असेल, तर रिव्हेटची. आणि दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: ही मूठ खराब झाली तर निघते का, आणि कोण बसवून देईल?

इथे थांबतो. सुऱ्या टेबलावरच आहेत, पुढे येऊन हातात धरून बघा. डावरे असतील त्यांनी आधी या. मग प्रश्न घेऊ.