सन १६८९ : राजा गेला, गड गेला, राज्य राहिलें

सनावळ्या पाठ करण्याचा विद्यार्थ्यांना नेहमींच कंटाळा येतो. परंतु मराठ्यांच्या इतिहासांतील इ. स. १६८९ हा सन असा आहे, कीं त्यांतील महिनेसुद्धां लक्षांत ठेवावे.

विजापूरची आदिलशाही १६८६ सालीं व गोवळकोंड्याची कुतुबशाही १६८७ सालीं बुडवून औरंगजेब बादशहा मोकळा झाला होता. आतां त्याची सारी फौज मराठ्यांवर लोटली. १६८९ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं मुकर्रबखानानें संगमेश्वर येथें छापा घालून संभाजी महाराजांना कैद केलें. ११ मार्च रोजीं बादशहाच्या आज्ञेनें त्यांचा अत्यंत क्रूरपणें वध झाला.

त्या वेळीं रायगडावर महाराणी येसूबाई होत्या. पुत्र शाहू सात वर्षांचाही झालेला नव्हता. पुत्राचा हक्क पुढें करणें त्यांना सहज शक्य होतें. परंतु अशा प्रसंगीं राज्याला हिंडताफिरता, लढता धनी हवा, हें ओळखून विशीच्या आंतले दीर राजाराम महाराज यांचें मंचकारोहण त्यांनीं फेब्रुवारींतच घडवून आणलें. लौकरच मोंगलांनीं रायगडास वेढा दिला. सर्वांनीं एकाच गडावर राहणें धोक्याचें होतें. म्हणून एप्रिलमध्यें राजाराम महाराज गडाबाहेर पडले. येसूबाई मात्र पुत्रासह मागें राहिल्या. नोव्हेंबरांत रायगड पडला आणि मायलेंकरें बादशहाच्या कैदेंत गेलीं.

इकडे राजाराम महाराज वेष पालटून दक्षिणेकडे निघाले. केळदीची राणी चेन्नम्मा हिनें बादशहाच्या रोषाची पर्वा न करतां त्यांना वाट दिली. शिवछत्रपतींनीं १६७७ सालीं घेतलेला तामीळ मुलखांतील जिंजीचा किल्ला आतां राजधानी झाला. महाराष्ट्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं कारभार सांभाळला. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनीं मोंगली फौजेस चैन पडूं दिलें नाहीं. झुल्फिकारखानास जिंजी घेण्यास १६९८ साल उजाडलें, आणि तेव्हांही राजाराम महाराज निसटलेच.

राजा व राजधानी हातीं आली म्हणजे राज्य संपलें, हा बादशहाचा हिशेब विजापुरांत व गोवळकोंड्यांत बरोबर ठरला होता. येथें तो चुकला, कारण राज्य आपलें आहे अशी भावना अनेकांच्या मनांत रुजली होती. अर्थात् याची किंमतही पडली. सरदारांना धरून ठेवण्यासाठीं वतनें व सरंजाम द्यावे लागले, आणि त्यांतून पुढें छत्रपतींची सत्ता सैल झाली.

सर्वांत मोठी किंमत येसूबाईंनीं दिली. १७०७ सालीं औरंगजेब अहमदनगर येथें मरण पावला व त्याच वर्षीं शाहू महाराज सुटले. त्या स्वतः मात्र १७१९ सालीं परतल्या. रणांगणावरील पराक्रमाचे पोवाडे आपण आवडीनें ऐकतों. सुमारें तीस वर्षें शत्रूच्या छावणींत मुकाट्यानें काढणाऱ्या या राणीचा पराक्रमही आपण त्याच पंक्तींत बसविला पाहिजे.