रिकाम्या पुंगळीचा इतिहास

काडतूस हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. बंदूक आणि बारूद हे दोन शब्द अरबी-फारसीच्या वाटेनं आले. अबू धाबीत एखाद्या म्हाताऱ्या अमिराती गृहस्थाशी जुन्या हत्यारांबद्दल बोलायला बसलं, तर ‘बारूद’ समजावून सांगावा लागत नाही आणि ‘बुंदुकिय्या’ कानाला ओळखीचा वाटतो. कोकण किनारा आणि इथला किनारा यांच्यात हे शब्द ज्या गलबतांतून फिरले, त्यांतूनच खरी हत्यारंही फिरली. पण या लेखाचा विषय बंदूक नाही, काडतूस आहे. तेही नवं नव्हे. एकदा उडवून झालेलं आणि घरी बसून पुन्हा भरलेलं.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. तिथे छर्ऱ्यांची काडतुसं गॅरेजमध्ये पुन्हा भरणं हा लाखोंचा छंद आहे आणि त्याची साधनं दुकानात मिळतात. विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी १९५८ च्या सुमारास हातोडीच्या ठोक्यांवर चालणारा एक छोटा संच बाजारात आणला, तेव्हापासून तर हे काम स्वयंपाकघरातल्या टेबलावरही होऊ लागलं. इथे, संयुक्त अरब अमिरातीत, त्याच कृतीला परवाना लागतो. शस्त्रं, दारूगोळा आणि स्फोटकं यांच्यासाठी २०१९ चा संघीय कायदा आहे, आणि त्यात बनवणं, बाळगणं, विकणं हे सगळं परवान्याखाली येतं. भारतातही तसंच. एकाच कृतीकडे तीन देश इतक्या वेगळ्या नजरेनं का पाहतात, याचं उत्तर शोधताना आपण दीडशे वर्षं मागे जातो, आणि त्या काळातल्या बऱ्याचशा वाटा मुंबईतून जातात.

आधी थोडं यंत्राबद्दल. तोड्याच्या किंवा ठासणीच्या बंदुकीला तयार काडतूस लागतच नव्हतं. नळीच्या तोंडातून दारू, बोळा आणि गोळी किंवा छर्रे ठासायचे, की झालं. कागदी काडतूस म्हणजे मोजून बांधलेली पुडी. १८५७ मुळे ती पुडी प्रत्येक मराठी शाळकरी मुलाला ठाऊक आहे. हे सगळं हातानं बनत असे आणि कोणत्याही गावात बनू शकत असे. १८६० नंतर मागून भरायच्या बंदुका सर्रास झाल्या आणि काडतूस धातूचं झालं. बुडाशी ठिणगी देणारी टोपी, वर पितळी पुंगळी, आत दारू, तोंडाशी शिशाची गोळी. छर्ऱ्यांच्या बंदुकीत पुंगळीचा वरचा भाग जाड कागदाचा असे. प्लास्टिक आलं ते १९६० मध्ये. ‘बारा बोर’ या नावातही जुन्या हातकामाचा हिशोब आहे: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोरची नळी.

धातूच्या काडतुसानं बंदूक वेगवान केली, पण बंदूकवाल्याला कारखान्याशी बांधून टाकलं. गावचा लोहार बंदूक दुरुस्त करू शकत होता. पितळेच्या एका पत्र्यातून अखंड पुंगळी ओढून काढणं मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. मुंबई इलाख्यासाठी असा कारखाना १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला निघाला, आणि तो आजही चालू आहे. भारतातल्या परवानाधारकाच्या हातात पडणारी बारा बोरची काडतुसं अजूनही तिथेच बनतात.

यानंतर नऊ वर्षांनी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनचा शस्त्र कायदा आला. त्याबद्दल आपण ऐकलेलं असतं ते एवढंच, की भारतीयांना परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी झाली आणि युरोपियनांना सूट मिळाली. पण व्याख्यांचं कलम वाचलं की सरकारची खरी नजर दिसते. ‘लष्करी सामान’ या शब्दात शिसं, गंधक आणि सोरा हेही आणण्याची सोय त्या कायद्यात करून ठेवली होती. म्हणजे पहारा नुसत्या बंदुकीवर नव्हता, ती भरण्याच्या शक्यतेवरही होता. मुंबईत १८९१ मध्ये आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा उघडली. इंग्लंडात काडतुसं घरी भरणं हा तेव्हा शिकारी गृहस्थाचा साधा उद्योग होता, त्याची हातयंत्रं छापील सूचीतून मागवता येत. साहेबाच्या टेबलावर जे रविवारचं काम होतं, तेच रयतेच्या ओसरीवर गुन्हा ठरे. कायद्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी बंड उभारलं. त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा होऊन पाठवलं गेलं ते अरबस्तानच्याच किनाऱ्यावर, एडनला. एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. १८८३ मध्ये ते तिथेच वारले.

याच मुंबईचा हात आखातावरही होता. रास अल खैमावरची १८१९ ची मोहीम मुंबईहून निघाली होती, आणि आखातातली ब्रिटिश रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होती. पुढे ती कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारकडे गेली. बाजारात चालणारं नाणंही रुपयाच होतं, आणि ते १९६० च्या दशकापर्यंत चाललं. पण भारतात जमलेलं एक काम इंग्रजांना इथे जमत नव्हतं: लोकांना निःशस्त्र करणं. इथे त्यांचं राज्य नव्हतं, शेखांशी करार होते. अंतर्भागातल्या टोळ्यांवर कोणताच कलेक्टर नव्हता.

त्यात १८९० नंतर मस्कत हा बंदुकांचा मोठा बाजार बनला. आफ्रिकेतल्या शस्त्रव्यापारावर ब्रुसेल्सच्या १८९० च्या करारानं बंधनं घातली आणि तो व्यापार झांजिबारहून मस्कतकडे सरकला. त्याच सुमारास ब्रिटिश फौजेनं नवी ली-मेटफर्ड रायफल घेतली, त्यामुळे १८७१ ची मार्टिनी-हेन्री जुनी आणि स्वस्त झाली. अशा बंदुका युरोपातून पेट्या भरून मस्कतला येत आणि तिथून मकरानमार्गे अफगाण सरहद्दीपर्यंत जात. सरहद्दीवर त्या इंग्रजांवरच रोखल्या जात होत्या, म्हणून सिमल्याची झोप उडाली. १९०२ मध्ये या किनाऱ्यावरच्या शेखांकडून शस्त्रव्यापार बंद करण्याचा करार करून घेतला गेला. १९०९-१० मध्ये आखातात नौदलाची नाकेबंदी सुरू झाली.

तिचा सर्वात रक्तरंजित दिवस दुबईचा आहे. २४ डिसेंबर १९१० ला ‘हायसिंथ’ या युद्धनौकेवरचे सैनिक लपवलेल्या बंदुका शोधायला उतरले आणि घरांच्या झडत्या घेऊ लागले. गोळीबार झाला. दुबईची ३७ माणसं मेली, काही ब्रिटिश खलाशीही मेले. शेख बुत्ती बिन सुहैल यांच्याकडे ४०० बंदुका आणि ५०,००० रुपये दंडाची मागणी झाली. याच्या सुमारे एक वर्ष आधी, २१ डिसेंबर १९०९ ला, नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर लंडनहून चोरून आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलानं गोळ्या झाडल्या होत्या. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण समुद्रातून येणाऱ्या पेटीत काय आहे ही धास्ती सरकारला अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर एकाच वेळी होती.

आता आपल्या पुंगळीकडे येऊ. नाकेबंदीनं बंदुका महागल्या, पण आलेल्या बंदुका नाहीशा झाल्या नाहीत. मार्टिनी-हेन्री ओमानच्या आणि आताच्या अमिरातींच्या डोंगरपट्ट्यात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खांद्यावर दिसत राहिली. जगानं टाकून दिलेली बंदूक इथे इतकी का टिकली? बंदूक दणकट होती हे खरंच. पण माझ्या मते मोठं कारण तिचं काडतूस होतं. ते काळ्या दारूचं होतं. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती गावात बनवण्याची विद्या तोड्याच्या बंदुकीच्या काळापासून घरात होती. गोळी सुमारे ३१ ग्रॅम मऊ शिशाची, चुलीवर वितळवून साच्यात ओतता येणारी. पितळी पुंगळी मजबूत होती आणि पुन्हा पुन्हा वापरता येत असे. त्यामुळे माणसं उडवलेली पुंगळी टाकत नसत, वाकून उचलत आणि पट्ट्यात परत खोवत. नव्या रायफलींना धूर न करणारी दारू लागे, आणि ती रसायनाच्या कारखान्याशिवाय बनत नाही. नवी बंदूक घेणारा माणूस काडतुसं देणाऱ्याचा बांधील झाला. जुनी राखणारा निम्मा तरी मोकळा राहिला.

निम्माच, कारण एक दुवा कायम बाहेरचा होता. ठिणगी देणारी टोपी. तिच्यातला स्फोटक मसाला चुलीजवळ बनवण्याचा नव्हता. तसं करणाऱ्यांनी बोटं आणि डोळे गमावले. घरी भरलेलं काडतूसही भरवशाचं नसे, दारू कमी पडली तर गोळी नळीत अडके आणि पुढच्या बाराला नळी फुटे. घरगुती कौशल्याच्या गोष्टी सांगताना हे गाळलं, तर तो इतिहास राहत नाही, नुसती आठवणींची मिठाई होते.

मग अमिरातीत हे सगळं संपलं कसं? जहाजांनी संपवलं नाही. १९५१ मध्ये ट्रुशियल ओमान लेव्हीज ही फौज उभी राहिली, टोळ्यांतल्या चकमकी हळूहळू थांबल्या, तेल सापडलं, २ डिसेंबर १९७१ ला सात राज्यांचा (सातवं दोन महिन्यांनी) एक देश झाला. विहिरीसाठी आणि उंटांसाठी बंदूक रोखण्याची गरज उरली नाही, म्हणून काडतूस भरण्याचीही उरली नाही. आज राष्ट्रीय दिनाला किंवा लग्नात तरुण मुलं ‘योला’मध्ये बंदूक हवेत गरगर फिरवून झेलतात. पाहणाऱ्याला ती जुन्या शौर्याची खूण वाटते, आणि ती आहेच. पण तिच्यात काडतूस नसतं. काडतूस राज्याकडे गेलं, नाच लोकांकडे राहिला. हा सौदा मला वाईट वाटत नाही. ज्यांच्या आजोबांनी टोळीयुद्धं पाहिली, त्यांनाही तो वाईट वाटताना दिसत नाही.

कोकणात मात्र हा सौदा अर्धाच झाला आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या शेतकऱ्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना असतो. कुठे ठासणीची, कुठे बारा बोरची एकनळी. १८७८ चा कायदा गेला, १९५९ चा आला. काँग्रेसनं आपल्या पहिल्या काही वर्षांतच ज्या कायद्याविरुद्ध ठराव केले, आणि ज्याच्याबद्दल गांधीजींनी १९३० च्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी परवाने मागितले, त्याचा सांगाडा बराचसा तोच राहिला. परवान्यावर आजही बंदुकीबरोबर काडतुसांची संख्या लिहिलेली असते: एका वेळी किती, वर्षात किती. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. रानडुकराला आचारसंहिता लागू नसते.

शेतकऱ्यानं काडतुसं घरी भरावीत, असं मी म्हणत नाही. चोरट्या शिकारीनं आणि फुटलेल्या नळ्यांनी तिथे पुरेसं नुकसान केलं आहे. म्हणणं एवढंच आहे: राज्य जेव्हा काडतूस आपल्या हातात घेतं, तेव्हा त्यामागची गरजही त्यानं आपल्या अंगावर घेतलेली असते. अमिरातीनं ती घेतली. टोळीवाल्याला बंदुकीच्या बदल्यात शांतता आणि पाणी मिळालं. कोकणातल्या भातखाचरात रात्री डबे वाजवत बसणाऱ्या माणसाला बदल्यात काय मिळालं, हा प्रश्न १८७८ पासून तसाच पडून आहे.