उंबऱ्याजवळचे युरोपीय नगर

मराठी प्रवासवर्णनातला युरोप बहुधा समुद्रापलीकडे असतो. पंडिता रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ १८८३ सालचा, पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० सालची. दोन्हींत बोट, परका किनारा आणि घराची आठवण आहे. पण युरोपीयांनी वसवलेले एक तटबंद नगर रायगड जिल्ह्यातच पडून आहे, हे आपल्या वाचनात सहसा येत नाही.

आमच्या नात्यातला एक मुलगा लिस्बनला असतो. त्याने पाठवलेली तिथल्या चर्चची छायाचित्रे पाहून आई म्हणाली, “मला काही आता एवढा प्रवास झेपायचा नाही.” म्हणून एका रविवारी माणगावहून रोह्यामार्गे आम्ही सगळे रेवदंड्याला गेलो.

कुंडलिकेच्या मुखाशी हे गाव. शेजारचे चौल त्याहून कितीतरी जुने बंदर; रशियन प्रवासी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात येथेच उतरला. पोर्तुगीज आले ते सोळाव्या शतकाच्या आरंभी. १५०८ साली चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेइदा मारला गेला. १५७२ साली प्रसिद्ध झालेल्या कामोंइशच्या ‘लुसियाद’ या महाकाव्यात त्या मृत्यूला जागा मिळाली. म्हणजे युरोपातील एका अभिजात काव्यात आपली ही खाडी आहे. पुढे १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी येथे ठाणे बांधायला घेतले. १५७०-७१ चा निजामशाही वेढा त्यांनी परतवला आणि १७४० मध्ये हे नगर मराठ्यांच्या हाती आले.

आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. वाड्यांमधून पडक्या चर्चच्या भिंती डोकावतात, सातखणी मनोरा उभा आहे. मुले त्याच्या सावलीत धावत होती. मला मात्र निर्भेळ हळहळ वाटेना. याच सत्तेने समुद्रावर परवान्याशिवाय जहाजे हाकू दिली नाहीत; १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन याच सत्तेने आणले. अवशेष सुंदर दिसतात, म्हणून सत्ता सुंदर होती असे नव्हे.

दुपारी जेवायला बसलो. सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी. आईने सहज विचारले, “यातले त्यांचे काय?” मोजू लागलो तर यादी थांबेना. रश्शातली मिरची आणि भाजीतला बटाटा अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांनी आणलेला. सकाळी चहात बुडवलेला पाव त्यांचा. काजू, अननस हे शब्दही त्यांचेच. हापूस हे नाव ‘अफोन्सो’वरून आलेले. स्वयंपाकघराबाहेर चावी, पगार, लिलाव, तुरुंग. या शेवटच्या चार शब्दांत त्या राजवटीचा कारभारच आला! तट ढासळले, शब्द मात्र आपण असे पचवले की त्यांचे परकेपण आपल्याला जाणवतही नाही.

परतताना पूल ओलांडून कोर्लईला थांबलो. डोंगरावर किल्ला, पायथ्याशी वस्ती. चर्चजवळ एक वृद्ध बाई नातवाशी ‘नॉ लिंग’मध्ये, म्हणजे ‘आपल्या भाषेत’, बोलत होत्या. आमच्याशी मात्र अस्सल मराठीत. ही पोर्तुगीजपासून घडलेली मिश्रभाषा. मराठीच्या सहवासात तिची वाक्यरचना इतकी बदलली, की क्रियापद आपल्यासारखे वाक्याच्या शेवटी जाऊन बसले. सत्ता गेल्यावरही ती पावणेतीनशेहून अधिक वर्षे टिकली. तिचे बोलणारे साधारण हजाराच्या आतबाहेर. मुलांचे शिक्षण मराठीत. “पोरं आता मराठीच जास्त बोलतात,” बाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती.

मराठीवर होणाऱ्या आक्रमणाविषयी आपण नेहमी लिहितो. कोर्लईत मराठी ही थोरली भाषा आहे आणि तिच्या सावलीत एक धाकटी भाषा विरळ होत चालली आहे. लोरेन्सोच्या मरणाला महाकाव्य लाभले. ही भाषा मुख्यतः बोलण्यात आणि गाण्यांत जगते. तिची नोंद परदेशी अभ्यासकांनी घेतली. मराठीच्या किती वर्गांत तिचा उल्लेख होतो, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

घरी येताना आई म्हणाली, “लिस्बनच्या पोराला सांग, पुढच्या वेळी आला की इथेही आण त्याला.”