घोड्याचे सांधे : दुखणे थांबवणे आणि सांधा वाचवणे

पागनीस, पागे, शिलेदार ही आडनावे आपल्या मंडळींना नवी नाहीत. पागा म्हणजे घोड्यांचा तबेला, पागनीस म्हणजे तिथला कारकून आणि शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा स्वार. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे आपली वस्ती झाली ती मराठी घोडदळाच्या मागोमाग. आज पागा उरल्या नाहीत, पण घोडा आपल्या आयुष्यातून गेलेला नाही. तो लग्नाच्या वरातीत असतो, दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या बाजारात असतो, मोटारींना बंदी असलेल्या माथेरानात पर्यटकांना वाहतो आणि मुंबई, पुणे, हैदराबादच्या शर्यतींत धावतो. या सगळ्या घोड्यांचे काम थांबवणारे सर्वांत नेहमीचे कारण एकच, ते म्हणजे लंगडणे. सांधे, हाडे आणि कंडरा यांच्या आजारांवर गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगभर जे संशोधन झाले, त्याची ही थोडक्यात माहिती.

पायाची रचना

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख. पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो रचनेने माणसाचे मनगट आहे. खरा गुडघा मागच्या पायात, पोटालगत असतो. त्याच्या खाली मागे टोकदार दिसतो तो घोटा. पुढच्या गुडघ्याच्या खाली स्नायू जवळजवळ नसतात. तिथे असतात हाडे, अस्थिबंध आणि दोरखंडासारख्या लांब कंडरा. शरीराच्या वजनापैकी सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर येतो. भरधाव दौडीत तर एकेका पायावर वजनाच्या दुपटीहून अधिक जोर पडतो.

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि भोवती वंगणासारखा द्रव असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती झिजली की नीट भरून येत नाही. तिच्यात चेतातंतूही नसतात, म्हणून झीज सुरू झाली तरी लगेच दुखत नाही. सांध्याचे आवरण सुजले किंवा खालच्या हाडाला इजा झाली की मग दुखू लागते. घोडा उघड लंगडू लागतो, तेव्हा आतले नुकसान बहुधा बरेच जुने झालेले असते.

लंगडणे ओळखण्याची रीत

तपासणीची मूळ रीत आजही साधीच आहे. घोड्याला कडक, सपाट जमिनीवर दुडक्या चालीने चालवतात आणि मानेकडे पाहतात. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. मागचा पाय दुखत असेल, तर पुठ्ठा कमीजास्त वरखाली होतो.

पाय कोणता ते कळल्यावर जागा शोधायची असते. त्यासाठी पशुवैद्य खुरापासून वर वर जात एकेक भाग इंजेक्शनने बधिर करतात. ज्या टप्प्यावर लंगडणे थांबते, तिथे दुखणे आहे असे समजते. मग एक्स-रे, अल्ट्रासाउंड, एमआरआय यांची मदत घेतात. कॅलिफोर्नियातील सांता अनिता मैदानावर शर्यतींच्या एकाच हंगामात अनेक घोडे दगावले. त्यानंतर २०१९ मध्ये तिथे घोड्याला न झोपवता, उभ्यानेच पायाचे पेट स्कॅन करणारे यंत्र बसवण्यात आले. एक्स-रेमध्ये काही दिसण्याआधीच हाडावर कुठे जादा ताण पडतो आहे, ते या स्कॅनमध्ये कळते. मोडण्याआधीच घोड्याला थांबवता यावे, हा त्यामागचा हेतू आहे.

वेदनाशामके : उपयोग आणि धोका

फेनिलब्युटाझोन हे औषध १९४९ मध्ये माणसांसाठी वापरात आले आणि पुढे घोड्यांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे वेदनाशामक झाले. ते सूज आणि वेदना कमी करते, पण कूर्चा भरून आणत नाही. मात्रा वाढली किंवा फार दिवस दिले, तर पोटात व आतड्यात व्रण होतात आणि मूत्रपिंडाला इजा होते. १९६८ च्या केंटकी डर्बीत पहिला आलेला ‘डान्सर्स इमेज’ हा घोडा याच औषधाचा अंश सापडल्याने बाद ठरला. दुखरा घोडा औषधाच्या जोरावर पळवावा का, हा वाद तेव्हापासून जाहीरपणे सुरू झाला.

वेदना ही घोड्याची पाय जपण्याची सोय असते. ती औषधाने झाकून त्याला कामाला जुंपले, तर तो दुखऱ्या पायावर पूर्ण भार टाकतो आणि झीज वाढत जाते. वेदनाशामक विश्रांतीच्या जोडीला द्यायचे असते, विश्रांतीच्या ऐवजी नाही.

औषध कोणते, यालाही महत्त्व आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांची प्रेते खाऊन गिधाडे मेली, म्हणून भारतात २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांच्या दुकानातली गोळी घोड्याला देणे हे सर्वच बाजूंनी चूक आहे.

सांध्यात दिली जाणारी औषधे

सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची पद्धत १९५० च्या दशकापासून आहे. घोडा झटपट चालू लागतो, म्हणून ती लोकप्रिय झाली. पण सगळी स्टेरॉइडे सारखी नसतात. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत वेन मॅकइलरेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात यावर शिस्तबद्ध प्रयोग केले. त्यांत मिथाइलप्रेडनिसोलोनने कूर्चेचे नुकसान होत असल्याचे दिसले, तर ट्रायमसिनोलोनचा परिणाम बराच अनुकूल आढळला. घोडा दोन्हींनी बरा दिसू शकतो, पण आत सांध्यात मात्र वेगवेगळे घडत असते. नुसते लंगडणे थांबले यावरून उपचाराची पारख करता येत नाही, हे या प्रयोगांनी पक्के केले.

सांध्यातल्या द्रवाला चिकटपणा देणारे हायलुरोनिक आम्ल बाहेरून देण्याचा उपाय १९७० मध्ये शर्यतीच्या घोड्यांवरच्या अभ्यासातून पुढे आला. सुरुवातीला ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. आज माणसांच्या गुडघ्यात दिली जाणारी ‘वंगणाची’ इंजेक्शने त्याच जातीची आहेत.

सांध्यात सुई घालणे हे जोखमीचे काम आहे. स्वच्छता न पाळता दिलेल्या एका इंजेक्शनने सांध्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि घोडा कायमचा जायबंदी होतो, प्रसंगी दगावतो.

स्वतःच्या रक्तातून औषध

सांध्याच्या झिजेमागे इंटरल्युकिन-१ हा दाहकारक पदार्थ असतो आणि त्याला अडवणारे प्रथिन शरीरातच तयार होते. घोड्याचे रक्त काचेच्या मण्यांसह साधारण चोवीस तास उबेत ठेवले की त्या प्रथिनाचे प्रमाण वाढते. मग रक्तातील द्रव वेगळा करून त्याच घोड्याच्या सांध्यात देतात. कोलोरॅडोच्या गटाने २००७ मध्ये या पद्धतीचा नियंत्रित अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लंगडणे कमी झाले होते.

फाटलेल्या कंडरेसाठी मूलपेशींचा वापर ब्रिटनमधील रॉयल व्हेटर्नरी कॉलेजात २००३ च्या सुमारास सुरू झाला. घोड्याच्याच अस्थिमज्जेतून पेशी काढून, वाढवून त्या इजेच्या जागी सोडतात. शर्यतीच्या शंभराहून अधिक घोड्यांच्या पाठपुराव्यात पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे चौथा हिस्सा आढळले. जुन्या नोंदींत ते निम्म्याच्या आसपास होते. मात्र ही तुलना जुन्या नोंदींशी आहे, शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या गटाशी नाही, हे लक्षात ठेवावे. २०१९ मध्ये युरोपीय संघाने घोड्यांच्या लंगडण्यावर मूलपेशींचे पहिले पशुवैद्यकीय औषध मंजूर केले.

घोड्याकडून माणसाला

तुलनेसाठी अभ्यासलेल्या प्राण्यांत घोड्याच्या खऱ्या गुडघ्यातली कूर्चा जाडीने माणसाच्या कूर्चेच्या सर्वांत जवळची आढळली. त्यामुळे माणसांच्या कूर्चेवरचे अनेक उपचार घोड्यांवर तपासले गेले. कूर्चा गेलेल्या जागी हाडाला बारीक छिद्रे पाडून नवी ऊती उगवू देण्याची शस्त्रक्रिया त्यांपैकीच एक.

आपल्या घोड्यांचे काय?

मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे आणि हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र १९८० च्या दशकापासून. शर्यतीच्या घोड्यांना महागडे उपचार मिळतात. वरातीच्या घोडीच्या वाट्याला मात्र बहुधा वेदनाशामकच येते आणि संध्याकाळी पुन्हा डांबरी रस्ता.

तिला सर्वांत जास्त उपयोगी पडणाऱ्या गोष्टी महाग नाहीत. सहा ते आठ आठवड्यांनी जाणत्या नालबंदाकडून खूर कापून घेणे, बेताचे ओझे, मऊ जमीन आणि दुखू लागताच विश्रांती. फाटलेली कंडरा सावरायला नऊ महिने ते वर्ष लागते. तेवढा काळ मालकाला घोडी बसवून ठेवणे परवडत नाही, ही खरी अडचण आहे. ती समजून घेऊन वागणे आपल्या हाती आहे.

घरच्या कार्यासाठी घोडी ठरवताना एवढे पाहावे :

- घोडी दुडक्या चालीने चालवून दाखवायला सांगावी. डोके वरखाली हलत असेल तर ती घेऊ नये.
- सांधे सुजलेले, गरम किंवा एका बाजूचे मोठे दिसतात का ते पाहावे.
- उभी असताना एक पुढचा पाय सतत पुढे टाकून ठेवते का, हे पाहावे.
- खुरांचे टोक फार वाढलेले किंवा नाल सैल असेल तर मोतद्दाराला सांगावे.
- नवरदेवाखेरीज आणखी कोणाला पाठीवर बसवू नये.
- ‘गोळी दिली आहे, चालेल’ असे उत्तर आले तर घोडी परत पाठवावी. त्या दिवसाचे पैसे मात्र द्यावेत, म्हणजे तीच घोडी दुसऱ्या वरातीला जुंपली जाणार नाही.