बिनतारी लहर आणि आपलें घर

दिवाणखान्यांत वायफाय उत्तम चालतें, पण आंतल्या खोलींत तें पोंचत नाहीं, ही तक्रार ठाणें, डोंबिवली व कल्याण येथील पुष्कळ घरांत ऐकूं येते. या तक्रारीमागें थोडा इतिहास आहे, व त्यांतच उपायहि आहे.

सन १८९५ मध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें विद्युल्लहरी भिंतींपलीकडे पाठवून तेथें घंटा वाजविली. भिंत लहरीला सर्वस्वीं अडवीत नाहीं, हें त्यावरून सिद्ध झालें. मात्र प्रत्येक भिंत तिची कांहीं शक्ति शोषून घेते.

पुढें २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांनीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन केलें. त्याची शक्ति दीड किलोवॅट व टप्पा सुमारें ३० मैल. म्हणजे ठाणें त्याच्या कक्षेंत चांगलें आंत, तर कल्याण कांठाजवळ. त्या लहरीची लांबी साडेतीनशें मीटरांच्या घरांत असल्यामुळें भिंतींचें तिला फारसें भय नव्हतें. मात्र रेडिओ बाळगण्यास परवाना लागे, आणि यंत्र बहुधा दिवाणखान्यांतच असल्यानें माजघरांतील बायकांच्या वांट्यास त्याचा दूरचा आवाजच येई.

वायफायचें पहिलें प्रमाण १९९७ मध्यें ठरलें, व २००५ मध्यें भारत सरकारनें २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्यावांचून खुला केला. परवाना गेला, पण भिंत राहिली. या लहरीची लांबी अवघी साडेबारा सेंटिमीटर, व ५ गिगाहर्ट्‌झची त्याच्याहि निम्म्याखालीं. दुसरी अधिक वेगवान खरी, पण भिंतींत ती लवकर क्षीण होते. कौलारू घरें जाऊन लोखंडी सळयांच्या काँक्रीटच्या इमारती आल्या. त्यांत शेजाऱ्यांच्या यंत्रांची गर्दी. अडचण वाढली ती अशी.

तिचें मोल मार्च २०२० नंतर कळलें. शाळा बंद पडल्या, आणि ज्या मुलाच्या वांट्यास आंतली खोली आली, त्याचा धडा मध्येंच तुटूं लागला.

उपाय साधे आहेत. यंत्र दाराशीं किंवा लोखंडी कपाटामागें न ठेवतां घराच्या मध्यभागीं, उंचावर ठेवावें. तेवढ्यानें न भागल्यास आंतल्या खोलीपर्यंत तार नेऊन तेथें दुसरें यंत्र बसवावें. नुसतें पुनःक्षेपक यंत्र घ्यावयाचें तर तें लहर अजून सबळ आहे अशा जागीं लावावें. जेथें लहरच पोंचत नाहीं, तेथें तें पुढें काय पाठविणार? शिवाय एकाच पट्ट्यावर घेणें व देणें असल्यास वेग बहुधा निम्म्यावर येतो, हेंहि ध्यानांत असावें.

आणि यंत्राची जागा ठरवितांना, अभ्यास करणारें मूल व घरांतील वृद्ध माणसें कोठें बसतात, हें प्रथम पाहावें.