आपण नेमकं कोणत्या सर्व्हरशी बोलतोय?

मंडळी, हा विषय धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. १९८२ पर्यंत औशाचा माणूस जिल्ह्याच्या कामासाठी उस्मानाबादला यायचा. त्या वर्षी लातूर वेगळा जिल्हा झाला. औसा जागचं हललं नाही, पण कागद घेऊन जायचं ठिकाण बदललं. त्याच्याही कितीतरी आधी जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गला होतं. आणि २०२३ मध्ये उलटंच झालं. उस्मानाबादचं धाराशिव झालं, कचेरी मात्र तिथंच राहिली. गाड्यांच्या पाटीवर तर अजूनही एमएच २५ आहे.

नाव एक गोष्ट आणि ठिकाण दुसरी. डेटाबेसच्या कमांड लाइनचा इतिहास आपण याच अंगाने बघणार आहोत.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९७०च्या दशकात बर्कलीला इन्ग्रेस तयार होत होतं, तेव्हा माहिती आणि तिला प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम एकाच यंत्रात नांदत होते. कुठं जायचं हे विचारायची वेळ कुणावर येणार? पुढं नेटवर्क आलं आणि दोघांची ताटातूट झाली. ऑरॅकलने १९८५ च्या सुमारास पाचव्या आवृत्तीत क्लायंट एकीकडे, सर्व्हर दुसरीकडे अशी सोय दिली. त्या काळाची एक खूण अजून शिल्लक आहे. युनिक्सवर ऑरॅकलचा क्लायंट कुठं जोडायचा हे ठरवणाऱ्या एका व्हेरिएबलचं नाव आहे 'टू_टास्क'. दोन टास्क, म्हणजे विचारणारा एक आणि उत्तर देणारा दुसरा. नवीन मुलांना हे नाव विचित्र वाटतं. वाटणारच.

पोस्टग्रेसच्या 'पीएसक्यूएल'मध्ये हाच पत्ता सांगायचे बरेच मार्ग आहेत. आज्ञेत 'एच' लावून होस्ट द्या, 'पीजीहोस्ट' हे व्हेरिएबल भरून ठेवा, नाहीतर सर्व्हिस फाइलमध्ये एक टोपणनाव लिहून ठेवा. काहीच सांगितलं नाही, तर युनिक्सवर तो त्याच यंत्रावरच्या सॉकेटकडे जातो. इथंच पहिली गोची होते. सकाळी कुणीतरी 'पीजीहोस्ट' भरतो आणि विसरतो. दुपारी तीच खिडकी उघडी असते, आणि आपल्याला वाटतं आपण घरच्याच यंत्रावर आहोत.

मायएसक्यूएलची खोडी याहून मजेशीर आहे. एकाच यंत्रावर दोन सर्व्हर चालू आहेत असं समजा. एक नेहमीच्या ३३०६ पोर्टवर, दुसरा चाचणीचा ३३०७ वर. आपण होस्ट 'लोकलहोस्ट' दिला, पोर्ट ३३०७ दिला. कुठं पोचलो? युनिक्सवर 'लोकलहोस्ट' हा शब्द दिसला की क्लायंट नेटवर्क सोडून थेट सॉकेट फाइल धरतो आणि पोर्टकडे बघतही नाही. म्हणजे पोचलो बहुधा खऱ्याच सर्व्हरवर! एरर नाही, तक्रार नाही. त्याच जागी १२७.०.०.१ लिहिलं असतं तर पोर्ट पाळला गेला असता. आपल्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच, क्लायंटच्या लेखी नाही.

याची किंमत काय, तर ३१ जानेवारी २०१७. गिटलॅब या कंपनीत दोन डेटाबेस सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक त्याची नक्कल ठेवणारा. नक्कल मागं पडली होती. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या अभियंत्याने ती पुसून नव्याने घ्यायची ठरवली, पण खिडकी मुख्य सर्व्हरची होती. एक-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आलं, त्याने हात आवरला. तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या इतर वाटा ऐन वेळी निकामी निघाल्या. सहा तासांपूर्वीची एक प्रत होती म्हणून निभावलं, तरी मधल्या सहा तासांतली माहिती गेली ती गेलीच. कंपनीने हे सगळं उघडपणे लिहून प्रसिद्ध केलं. आपल्याकडे असं क्वचित घडतं, हे जाता जाता नोंदवू.

त्या अभियंत्याला दोष देऊन भागत नाही. दोन्ही खिडक्या काळ्याच, अक्षरं पांढरीच, आणि सर्व्हरच्या नावात फरक फक्त एका आकड्याचा. कंपनीने नंतर ठरवलेल्या उपायांत एक अगदी साधा होता: प्रत्येक सर्व्हरच्या प्रॉम्प्टवरूनच तो कोणता हे स्पष्ट कळावं.

त्याच वर्षी पोस्टग्रेसची दहावी आवृत्ती आली. तिच्यात क्लायंटला एकापेक्षा जास्त होस्ट देता येऊ लागले, आणि 'ज्याच्यावर लिहिता येतं त्याच्याकडेच ने' असंही सांगता येऊ लागलं. मुख्य सर्व्हर बदलला तरी क्लायंट त्याला शोधून काढतो.

आता समोरच्या पडद्याकडे बघू. पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश देऊन 'कॉनइन्फो' लिहिलं, की कोणता डेटाबेस, कोणता वापरकर्ता, कोणता पोर्ट, सगळं समोर येतं. मायएसक्यूएलमध्ये 'स्टेटस' लिहा. 'कनेक्शन' या शब्दापुढची ओळ वाचा. तिथं सॉकेट लिहिलंय की टीसीपी?