बहात्तरचे गुडघे

मागच्या महिन्यात पाथरीकडे एका लग्नाला गेलो होतो. पंगत बसली आणि आत्यासाठी भिंतीला लागून प्लॅस्टिकची खुर्ची मांडली. ताट मांडीवर घेऊन ती गप्प जेवली. नंतर म्हणाली, "सगळ्यायच्या डोक्यावर बसल्यावानी वाटायलंय, बाबा." साखरेची गोळी चालू होऊन तिला दहा वर्षं झाली, त्याचं तिला काही नाही. खंत खाली बसता येत नाही याची.

गुडघे कधीपासून दुखतात असं विचारलं की "खडीवर गेल्ते तवापासून" म्हणते. खडी म्हणजे १९७२चा दुष्काळ.

आमच्याकडे वडीलधाऱ्यांची सगळी कालगणना त्या दुष्काळावरून चालते. आधीची दोन वर्षं पाऊस कमीच होता, ७२ला त्याने पाठच फिरवली. सरकारने गावोगाव कामं काढली... रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. रोजगार हमीचा कायदा (१९७७ला झाला, १९७९ पासून लागू) याच अनुभवातून आला. एवढा दुष्काळ पडूनही माणसं भुकेने पटापट मेली नाहीत, म्हणून अर्थतज्ज्ञ आजही या कामांचं कौतुक करतात. आत्याही सरकारला नावं ठेवत नाही. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. "त्याच्यावरच तर जगलो," म्हणते.

पण तिथे खडीचे ब्रास मोजले गेले. उकिडवं बसून दिवसभर हातोडी चालवणाऱ्या बाईच्या गुडघ्यांची नोंद कुठे होणार? उकिडवं बसणं आणि ओझी वाहणं यांनी गुडघ्यांची झीज वाढते, हे आता डॉक्टर सांगतात. सगळा दोष दुष्काळाला देत नाही मी. पुढे चाळीस वर्षं कापूस वेचला, डोक्यावर पाणी वाहिलं, तेही आहेच.

खडी फोडताना ती पोटुशी होती. आतेभाऊ ७३च्या उन्हाळ्यातला. त्यालाही पन्नाशीच्या आत साखर निघाली. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली होती. तेव्हा आईच्या पोटात असलेल्यांना पन्नाशीला तपासलं, तर त्यांच्या शरीराला साखर नीट पेलत नव्हती. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून जवळच्या खेड्यांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करत आले. आपली बाळं वजनाने हलकी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, असं त्यांना दिसलं. एका आतेभावावरून काही सिद्ध होत नाही, मला कळतं. तरी हे वाचल्यापासून ती लाल ज्वारी डोक्यातून जात नाही.

असो. जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजायची २६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. परवा फोनवर आत्याला त्यातले काही विचारले (मला तेवढेच उद्योग!). जगणं कसं वाटतं? "बरं हाय. पोरं जवळ हाईत, भाकर हाय." दुखण्यामुळे कामं अडतात का? "अडतेत की." झोप? "लागती."

मग तिनेच विचारलं, "पंगतीचं इचारत नाहीत का त्याच्यात?"

नाही विचारत, म्हणालो.